अपग्रेडमध्ये अडकलेला रोट

गेल्या श्रावणात माझ्या कॉम्प्युटरनं आमच्या अख्ख्या भाऊबंदकीला उपाशी बसवलं.

खरं तर कॉम्प्युटरचा दोष नव्हता. तो बिचारा त्या दिवशी सकाळपर्यंत व्यवस्थित चालत होता. पण चालू असलेली वस्तू मला बघवत नाही. जळगावात माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांच्या तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करून देतो आणि घरी आलो की मोकळा चालणारा कॉम्प्युटर तुंबवतो. त्यात मी पडलो लिनक्सवाला! लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवायची फुकट मिळणारी सिस्टीम. फुकट मिळते म्हणून जन्मभर तिची सेवा करावी लागते. (बाकीच्या लोकांना हे सुख कळायचं नाही. ते कॉम्प्युटर लावतात आणि नुसतं काम करत बसतात!)

त्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसली होती. खानदेशाबाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो, की कानबाई ही आमची देवी; कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू घेऊन त्याचा रोट, म्हणजे जाड गोड पोळी, करतात, कानबाईला नैवेद्य दाखवतात आणि मग तो रोट फक्त कुळातल्यांनीच खायचा. बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. आणि नैवेद्य होऊन रोट मोडेपर्यंत आमच्याकडे कोणी तोंडात काही टाकत नाही. त्या वर्षी पाळी आमच्या घराची होती. सोनगीरहून माझे थोरले काका, म्हणजे नाना, आदल्या दिवशीच येऊन बसले होते. पाचोऱ्याचे, चाळीसगावचे भाऊबंद सकाळपासून उतरत होते. घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि स्वयंपाकघरातून पुरणाचा असा वास सुटला होता, की माणसं उगाचच पाणी पिऊन येत होती.

फक्त एक जण नव्हता. माझा धाकटा भाऊ हेमंत. तो नोकरीसाठी फिनलंडला गेलेला. कानबाईला तो नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं. गहू मोजताना आमची आई (तिला सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून आम्हीही) हेमंतच्या नावाची मूठ भरून तशीच थांबली.

"पोऱ्या तठे, आनि मी त्याना रोट आठे कसा मोडू?" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मला ते बघवलं नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, "अक्का, तू काळजी करू नको. हेमंतला मी समोर टीव्हीवर आणतो! एवढा मोठा!"

"मोबाइलमा तो माले वाटानाएवढा दिखस," अक्का म्हणाली. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.

"मोबाइल नाही गं, टीव्ही! कॉम्प्युटर टीव्हीला जोडलाय ना मी. खुर्चीवर बसल्याएवढा दिसेल."

अक्कानं डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "मंग ठरनं. हेमंतनं तोंड दखाबिगर मी रोट मोडनार नही."

इथपर्यंत सगळं छान होतं. दुपारी मी कॉम्प्युटर लावला. बोलण्यासाठी लागणारा प्रोग्राम उघडला. त्यानं सांगितलं, मी आता जुना झालोय, नवी आवृत्ती घ्या. नवी आवृत्ती म्हणाली, तुमची सिस्टीम जुनी आहे, आधी ती नवी करा. दुसरा एखादा शहाणा माणूस जुन्याच प्रोग्रामवर 'नंतर बघू' हे बटण दाबून मोकळा झाला असता. मला मात्र 'नंतर बघू' हे बटण आयुष्यात दाबता आलेलं नाही.

"आजच करायचंय का?" माझी बायको वैशाली दारातून म्हणाली. तिचे दोन्ही हात कणकेत होते.

"पाचच मिनिटं!"

"तुमच्या पाच मिनिटांत मी बाळंत होऊन घरी आले होते," ती म्हणाली आणि आत गेली. (हे खरं आहे. तेव्हा मी प्रिंटर जोडत होतो.)

मी अपग्रेडचा हुकूम सोडला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर जायला लागली. टीव्ही मोठा असल्यामुळे दिवाणखान्यातले सगळे भाऊबंद ते बघत बसले. आणि मग अक्षरं थांबली. खाली लाल रंगात आलं, की अमुक पॅकेजला तमुक पॅकेज हवंय, पण ते बसवता येत नाही.

नाना खुर्ची सरकवून जवळ आले. नाना म्हणजे आमच्या तालुक्यातले भांडण मिटवायचे अधिकारी. बांधाचं भांडण असो, रुसलेला जावई असो, नानांना बोलावणं जातं. लाल अक्षरं बघताच त्यांनी ओळखलं, की इथे काहीतरी बिनसलंय.

"काय शे रे हाई?"

आता नानांना काय सांगायचं? मी त्यांच्या भाषेत सांगितलं. "नाना, लिनक्समध्ये एकेक प्रोग्राम म्हणजे एकेक पाहुणा समजा. एकटा कोणी येत नाही. हा म्हणतो, माझ्यासोबत तो पाहिजे. तो म्हणतो, मला ही पाहिजे. सगळ्यांची नावं 'लिब'नं सुरू होतात."

"आपलामा बठ्ठा पाटील शेतस, तसं."

"अगदी! तर हेमंतशी बोलायच्या प्रोग्रामला नवी लिब पाहिजे. आणि मी मराठी टाइप करायला एक प्रोग्राम टाकलाय, त्याला जुनीच लिब पाहिजे. नवी आली की जुनी जाणार, जुनी राहिली तर नवी येणार नाही."

नानांचे डोळे चमकले. भांडण त्यांना पूर्ण समजलं होतं. "म्हन्जे दोन साडू! चाळीसगावले एक लगीनमा असंच व्हयनं. हाऊ उना ते तो येस नही, तो उना ते हाऊ जेवस नही. मी एकले हळदले बलावं, दुसराले लगीनले. दोन्ही खूश."

"मग इथे काय करू?"

"आठे? आठे मशिनले कसाना मानपान? माणूस ऱ्हाता ते समजूत काढतू. जो आडवा येस त्याले काढी टाक!"

आता इथे माझी जबाबदारी होती. लिनक्स मला येतं, नानांना नाही. पण मागे सगळी भाऊबंदकी बसलेली, नाना मांडीवर थाप मारून सांगतायत, आणि पुरणाचा वास डोक्यात गेलेला. मी जुनी लिब काढायचा हुकूम दिला. कॉम्प्युटरनं लगेच एक भलीमोठी यादी दाखवली. हिला काढलं तर हिच्यावर अवलंबून असलेले हे सगळेही जातील, म्हणे. यादी टीव्हीच्या वरून सुरू झाली आणि खालून बाहेर गेली. शेवटी त्यानं इंग्रजीत विनंती केली, की तुम्ही काही तरी भयंकर करताय. खरंच करायचं असेल तर 'होय, मी सांगतो तसंच कर' हे अख्खं वाक्य टाइप करा.

"काय म्हनस तो?" नानांनी विचारलं.

"मी सांगतो तसंच करू का, विचारतोय."

"मंग सांग ना! घाबरस काय?"

मी वाक्य टाइप केलं. आणि त्यानं मी सांगितलं तसंच केलं! आमच्या घरात माझं ऐकणारं ते एकच होतं, आणि त्यानं नेमकं त्या दिवशी ऐकलं.

आधी मराठीचा प्रोग्राम गेला. मग प्रिंटर गेला. मग चित्रं, मग खिडक्या, मग उंदराचा बाण. टीव्हीवर राहिला फक्त काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक आडवी रेघ.

"गया का तो?" नाना हळू आवाजात म्हणाले.

"कोण?"

"साडू."

"नाना, साडू गेला. मांडव पण गेला."

तेवढ्यात अक्का नवं लुगडं नेसून, आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. टीव्हीसमोरच्या खुर्चीवर बसली. पदर सारखा केला. आणि त्या काळ्या पडद्याकडे अशा आशेनं बघायला लागली, की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"उना का रे हेमंत?"

"येतोय, येतोय," मी म्हणालो. "जरा कपडे बदलतोय."

हेमंत खरं तर केव्हाचा तयार होता. त्याला मी आधीच माझ्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावून, मोबाइल फडताळावर उभा करून ठेवला होता. म्हणजे टीव्हीवर यायच्या आधी त्याला घर दिसत राहावं. त्याला दिसत होती फक्त माझी पाठ. "दादा, काय झालं?" असा बारीक आवाज फडताळावरून मधूनमधून यायचा.

"शेजाऱ्यांचा लॅपटॉप आणा," वैशाली म्हणाली. इतकी सरळ गोष्ट मला सुचली नव्हती. तिनं स्वतःच जाऊन कापडाच्या दुकानवाल्या रफिकभाईंना बोलावलं. रफिकभाई लगोलग लॅपटॉप काखेत मारून आले. मी तो उघडला आणि माझा चेहरा पडला. त्यावर माझ्यासारखंच लिनक्स होतं.

"हे कोणी टाकलं?"

"आपनेच तो डाला था, भाईजान!" रफिकभाई म्हणाले. "आप बोले थे, एकदम हलका चलेगा. तबसे वायफायच नहीं पकडता. हम तो इसपे बच्चों के फोटो देखते, बस."

मग आठवलं. गल्लीतले झाडून सगळे लॅपटॉप मीच सुधारले होते.

रफिकभाई आता आलेच होते, तर त्यांना तसं कसं पाठवायचं? ते कुळाबाहेरचे, त्यामुळे त्यांना रोट देता येत नव्हता. पण उपासही त्यांना नव्हता. वैशालीनं त्यांना चहा आणि खारी दिली. त्या घरात खाणारा तो एकच माणूस! त्यांनी खारी चहात बुडवली की सगळ्या भाऊबंदांच्या माना एकदम खाली जायच्या, तोंडात घातली की एकदम वर यायच्या. शेवटी ते बिचारे कप घेऊन दाराबाहेरच्या ओट्यावर गेले.

परिस्थिती अशी होती: भाऊबंद अडले होते रोटावर, रोट अडला होता अक्कावर, अक्का अडली होती हेमंतवर, हेमंत अडला होता प्रोग्रामवर, प्रोग्राम लिबवर, आणि ती लिब माझ्यावर. मी कोणावर अडलो होतो, ते कळत नव्हतं. वैशालीच्या मते माझ्याच डोक्यावर.

"अक्का, मोबाइलवरच बघून घे ना आज," पाचोऱ्याच्या चुलतभावानं धीर करून सुचवलं. त्याच्या पोटातला आवाज मला ऐकू आला होता.

"मी मनं पोऱ्यानं तोंड दखसू, ठिपका नही," अक्का म्हणाली. विषय संपला. टीव्ही मोबाइलला थेट जोडता येतो का, हेही बघून झालं. येत नव्हता. टीव्ही जुना होता. दोनदा बदलायचा विषय निघाला होता आणि दोन्ही वेळा 'चांगला धडधाकट आहे की!' असं म्हणणारा मीच होतो.

मग मात्र मी खाली मान घालून बसलो आणि एक काम केलं जे मी दुपारीच करायला हवं होतं. कॉम्प्युटर काय सांगतोय ते सावकाश वाचलं. (हा उपाय नेहमी शेवटी सुचतो.) आणि कळलं, की भांडणारे सगळे बाहेरचे होते. लिनक्सचे स्वतःचे प्रोग्राम एकमेकांशी अगदी गुण्यागोविंदानं नांदत होते. पण मी गेली कित्येक वर्षं इकडून हे आण, तिकडून ते आण असं करत इंटरनेटवरच्या कुठल्याकुठल्या जागांवरून प्रोग्राम आणून बसवले होते, आणि त्या प्रत्येकाला आपापली वेगळी लिब पाहिजे होती.

मी एकेक बाहेरची जागा बंद करत गेलो. तिथून आलेलं एकेक पॅकेज काढलं, आणि त्याच्या जागी घरचं, साधं पॅकेज बसवलं.

"आते काय करी राहिना?" नाना मागून म्हणाले.

"बाहेरचे काढतोय, नाना. पंगतीला फक्त कुळातले."

"मी हाईच ते म्हनतू!" नानांनी सगळ्यांकडे वळून सांगितलं. (त्यांनी हे बिलकूल म्हटलं नव्हतं. पण आज सोनगीर पंचक्रोशीत अशी बातमी आहे, की जळगावचा कॉम्प्युटर नानांनी दुरुस्त केला.)

लाल अक्षरं कमी कमी होत गेली. एक वेळ अशी आली, की एकही लाल ओळ उरली नाही. अपग्रेड पुढे सरकलं. आता मागे बसलेल्या भाऊबंदांनाही खेळ कळला होता. 'अनपॅकिंग' आलं की "चाल, चाल!", 'सेटिंग अप' आलं की "उना, उना!" असा गलका व्हायला लागला. दिवेलागणीला कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. टीव्हीवर निळा पडदा आला, खिडक्या आल्या, उंदराचा बाण आला! चाळीसगावच्या काकांनी तर हात जोडले.

मी घाईघाईनं हेमंतशी बोलायचा प्रोग्राम शोधायला लागलो. तो कुठेच नव्हता.

अर्थातच नव्हता. तोही बाहेरचाच होता! ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच मी बाहेरच्यांबरोबर हाकलून दिलं होतं. नवरदेवाला वऱ्हाडी समजून परत पाठवावं, तसं झालं. मी मागे वळून बघितलंच नाही.

"ब्राउझरमधून लाव ना, दादा!" फडताळावरून हेमंतचा आवाज आला. "ते घरचंच असतं!"

लावलं. गोल फिरलं, फिरलं, आणि अचानक भिंतभर हेमंत! हाडकुळा, दाढी वाढलेला, गळ्यात मफलर, मागच्या खिडकीत अजून लख्ख ऊन. अक्का खुर्चीवरून उठली. टीव्हीजवळ गेली. त्याच्या गालावर हात ठेवला.

"कितला वाळी ग्या रे भाऊ!"

हेमंतचे ओठ हलले. आवाज मात्र आला नाही. अपग्रेडमध्ये आवाज गेला होता. पण आता माझं डोकं चालायला लागलं होतं. मी फडताळावरचा मोबाइल उचलला आणि अक्काच्या कानाला लावला. चित्र टीव्हीवर, आवाज मोबाइलवर! फक्त आवाज आधी यायचा आणि ओठ मागून हलायचे.

"हाऊ बोलस आधी आनि तोंड मांगून उघाडस," अक्का म्हणाली.

"परदेशमा तसंच ऱ्हास," नानांनी खुलासा केला.

अक्कानं कानाला मोबाइल धरूनच आरती केली, नैवेद्य दाखवला. मग हेमंतकडे बघत, त्याच्या नावाचा तुकडा हातात घेऊन तिनं रोट मोडला. तिकडे हेमंतचा चेहरा वाकडा झाला. त्यानं मफलर तोंडावर घेतला आणि कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाला. हेमंतच्या वाटणीचा रोट थोरल्या भावानं खायचा, असं नानांनी ठरवलं. मी तो पोट फुटेस्तोवर खाल्ला, आणि खरं सांगतो, वर्षभरात इतकं गोड काही माझ्या तोंडात पडलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर हेमंतनं अक्काला मोबाइलवर काहीतरी सांगितलं. अक्का एकदम लहान पोरीसारखी टाळी वाजवायला निघाली आणि मोबाइल खाली पडला. "पुढला सालले तो सोता येस म्हनी! रजा लिसन! कानबाईले!" तिनं घरभर फिरून सांगितलं. ओट्यावर जाऊन रफिकभाईंनाही सांगितलं.

मी मोबाइल उचलून कानाला लावला. "खरंच येतोस?"

"येतो, दादा. विमानं बदलत पार दिवस जातो. पण आज तुझी पाठ बघत बसण्यापेक्षा ते लवकर होईल."

अक्का आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगते, "मना मोठानी कॉम्पुटर चालाडं, म्हनीसन मना धाकला घर येस!" लोक माझ्याकडे आदरानं बघतात. मी नम्रपणे मान खाली घालतो. हेमंतनं तिकीटही काढलंय. त्यानं फक्त एकच अट घातलीय: तो घरात पाऊल ठेवेपर्यंत मी कुठलंच अपग्रेड करायचं नाही. विमान कोणत्या सिस्टीमवर चालतं हे त्याला माहीत नाही, आणि त्याला धोका पत्करायचा नाही!